वही आपली, तर पैसा आपला

(चिखली तालुक्यांतील शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांच्या मेळाव्यांत झालेलें भाषण)



गरीब शेतकरी व मजूर कुटुंबें आपल्या पायांवर कशीं उभीं राहतील, हा विषय आम्हांस देण्यांत आला आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. शिवाय समोर बसलेल्या बहिणींपैकीं निम्म्या उद्यां पहांटे निंदणास जाणार, हेंही आम्ही जाणतों. तेव्हां पाल्हाळ न लावितां मुद्द्याचेंच बोलूं.

ज्या जिल्ह्यांत आपण बसलों आहों त्याची थोरवी प्रथम सांगितली पाहिजे. फुशारकी म्हणून नव्हे, जबाबदारी म्हणून. सिंदखेड राजा येथें जिजाऊसाहेबांचा जन्म झाला, हें लहान पोरासही ठाऊक आहे. परंतु याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हें पुस्तक छापून पुरुषांच्या ढोंगावर कोरडे ओढले, त्यांच्यावर टीका झाली, आणि १८८५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘सत्सार’मध्यें त्यांचा पक्ष घेतला, हें आपल्यांतील कितीजणांस ठाऊक आहे? या चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनीं १९२७ सालीं जोतीरावांचें चरित्र लिहून सत्यशोधकांचें काम वऱ्हाडांत घरोघर पोंचविलें. जिल्हा लेखणीचा आहे, बंधुहो. आणि आज आम्ही जें सांगणार आहों तें सर्व लेखणीपाशींच येऊन थांबतें.

दारिद्र्य नशिबांतून येतें असें पुराणिक सांगतात. आम्ही म्हणतों, तें हिशेबांतून येतें. तो हिशेब पाहूं.

मृग लागला कीं बियाणें पाहिजे, खत पाहिजे. गांठीस पैसा नसतो. दुकानदार उधार देतो, पण भाव उधारीचा लावतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरीं येतें न येतें तोंच तगादा दारीं उभा. त्याच दिवसांत साऱ्या मुलखाचा माल बाजारांत उतरतो, भाव पडतो, आणि नेमका तेव्हांच आम्हांस विकावा लागतो. पौष-माघांत तूर निघते. ती आम्ही कच्ची विकतों आणि आखाडांत तिचीच डाळ दुकानांतून विकत आणतों. विकतांना भाव व्यापारी ठरवितो, घेतांनाही व्यापारीच ठरवितो. मध्यंतरीं घरांत दुखणें आलें, पोरीचें लग्न निघालें, कीं सावकाराचा ओटा. शेंकडा पांच रुपये दरमहा या दरानें दहा हजार घेतले तर महिन्यास पांचशें व वर्षास सहा हजार रुपये नुसतें व्याज जातें, आणि मुद्दल जेथल्या तेथें! असें जोखड मानेवर असतां कोणत्याही जातीचा, कितीही कष्टाळू मनुष्य वर येईल काय?

ही रीत आजची नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज व वह्या जाळल्या. त्यावरून १८७९ सालीं सरकारनें कायदा केला. १८८३ सालीं जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सर्व रोगाचें मूळ दाखविलें. वह्या जळाल्या, परंतु वही लिहिणारा हात तोच राहिला. कारण दुसरा हात लिहावयास शिकलेला नव्हता. म्हणून पुन्हां नव्या वह्या झाल्या आणि पुन्हां तेच अंगठे उठले.

जर्मनी देशांत रायफायझेन नांवाच्या गृहस्थानें १८६४ सालीं गांवकऱ्यांची पतपेढी काढली. सर्वांनीं थोडें थोडें जमवावें, एकमेकांस जामीन राहावें, आणि नफा बाहेर जाऊं देऊं नये, हा त्याचा मार्ग. तेंच बीज १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें आपल्या देशांत आलें. फार चांगलें झालें. परंतु सोसायटी कोणाच्या हातीं गेली? ज्याच्या नांवावर सात-बारा, त्याच्या. ज्यास वावर नाहीं तो बाहेर. आणि वावरांत सर्वांत अधिक राबणारी जी बाई, तिचें नांव सात-बाऱ्यावर नाहीं म्हणून तीही बाहेर.

येथें आपल्या घरचेंच उणें काढावें लागतें. शेटजी-भटजींच्या नांवानें बोटें मोडणें सोपें आहे. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत सहकाराच्या खुर्च्यांवर बसले ते बहुतेक आमचेच भाऊबंद, आमच्याच मतांनीं निवडून आलेले. फळ काय मिळालें? २०१२ सालीं रिझर्व्ह बँकेनें बुलढाणा, वर्धा व नागपूर या तीन जिल्हा बँकांना ठेवी घेण्यास मनाई केली. मोलमजुरीचे पैसे ज्यांनीं विश्वासानें ठेवले होते ते पासबुक हातीं धरून बसले. पुढें सरकारच्या तिजोरींतून मदत घालून या बँका उभ्या कराव्या लागल्या. सावकारीचीही तीच गोष्ट. याच जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याची सावकाराविरुद्धची तक्रार पोलिसांनीं नोंदवूं नये म्हणून मंत्रालयांतून दडपण आलें. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि २०१० च्या डिसेंबरांत त्या न्यायालयानें राज्य शासनास दहा लाख रुपयांचा भुर्दंड बसविला. तेव्हां पुरोहिताची शेंडी कापली म्हणजे गुलामगिरी संपली, अशा भ्रमांत कोणीं राहूं नये. शेंडी नसलेलाही पिळतो.

मग मार्ग कोणता? मार्ग तुमच्याच ओट्यावर आहे. बचत गट हें नांव तुम्हांस नवें नाहीं. पण त्याचें मर्म पुष्कळांस ठाऊक नाहीं, म्हणून सांगतों.

बारा बायकांनीं दरमहा शंभर शंभर रुपये टाकले, तर महिन्यास बाराशें व वर्षास चौदा हजार चारशें रुपये होतात. त्यांतूनच आळीपाळीनें कर्ज द्यावयाचें. व्याज शेंकडा दोन रुपये धरलें तरी दहा हजारांवर महिन्यास दोनशें. मुद्दल फिटत गेलें म्हणजे त्याहूनही कमी. आणि हें व्याज कोणाच्या घरीं जातें? गटाच्याच पेटींत, म्हणजे तुमच्याच घरीं. सावकाराकडे गेलेला रुपया त्याच्या माडीस लागतो. गटांत गेलेला रुपया फिरून तुमच्या लेकराच्या दप्तरास लागतो. सारा भेद एवढाच, पण तो जमीन-अस्मानाचा आहे.

सहा महिने वही चोख राहिली म्हणजे बँक दारीं येते. १९९२ सालीं नाबार्डनें पांचशें गटांस बँकांशीं जोडून पाहिलें. गहाण नाहीं, जामीन नाहीं, केवळ एकमेकींचा भरंवसा. आपल्या राज्यांत महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालीं स्थापन झालें. त्याच्या तेजस्विनी कार्यक्रमानें २००७ पासून गांवोगांवच्या गटांचे मिळून लोकसंचालित साधन केंद्र उभे केले. २००९ सालीं वऱ्हाड-विदर्भांतील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठीं समन्वित कृषिविकासाचा प्रकल्प निघाला. त्यांत अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम, वर्धा यांबरोबर आपला बुलढाणाही होता. २०११ सालीं ‘उमेद’ आलें. शेजारच्या बांगला देशांत मुहम्मद युनूस यांनीं १९७६ सालीं एका खेड्यांतील गरीब बायकांस लहान लहान कर्जें देऊन हा प्रयोग आरंभिला व २००६ सालीं त्यांस व त्यांच्या बँकेस नोबेल पारितोषिक मिळालें. गरीब बाई कर्ज बुडवीत नाहीं, ही गोष्ट जगानें मान्य केली आहे. आमच्या पाटील-देशमुखांनीं ती मान्य करावी, एवढेंच राहिलें आहे.

आतां गोड गोड बोलणें पुरे. दोन गोष्टी आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या त्या सांगतों.

घाटाखालीं खारपाणपट्ट्यांतील एका गांवीं आम्ही गेलों होतों. तेथील गट पांच वर्षांचा. वही लिहीत होता किराणा दुकानदाराचा मुलगा. बायका आंगठे उठवीत. कोणाचा संशय नव्हता, कारण पोरगा गोड बोलणारा. त्या गांवांत एक सून आली, सातवी शिकलेली. तिनें सासूच्या जागीं बैठकीस बसून वही मागितली आणि मोठ्यानें वाचली. वाचतां वाचतां दोघीजणी उठून उभ्या राहिल्या. त्यांनीं भरलेले हप्ते वहींत चढलेच नव्हते! पोरगा म्हणाला, विसरलों. असेल, विसरलाही असेल. पण पांच वर्षें कोणी वाचणारें असतें तर तो विसरला असता काय? त्या दिवसापासून त्या गटाची रीत अशी पडली आहे कीं, बैठक सुरू होतांच मागील बैठकीची वही मोठ्यानें वाचावयाची, आणि जिचें नांव येईल तिनें “खरं हाय” म्हटल्याशिवाय पुढची ओळ वाचावयाची नाहीं. आमच्या मतें, बंधुहो, ही त्या गांवची सत्यनारायणाची पोथी. हींत प्रसादाचा शिरा नाहीं, पण सत्य आहे.

दुसरी गोष्ट घाटावरची. एका बाईच्या अंगावर गटाचें एक आणि खाजगी कंपन्यांचीं दोन, अशीं तीन कर्जें. पैशांची मोटारसायकल आली. ती नवरा फिरवितो. हप्त्याच्या दिवशीं त्या बाईनें दावणीची दुभती शेळी बाजारीं नेली. आम्हीं विचारलें, “ताई, असं कां केलं?” ती म्हणाली, “भाऊ, सही माही, गाडी त्याईची, अन् हप्ता बी माहाच.” ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं जें लिहिलें त्याची ही आजची आवृत्ति आहे. बायकांच्या नांवें कर्ज काढून पुरुषांनीं चैन करावयाची आणि बायकांनीं फेडावयाचें, यास जर आम्ही स्त्रियांची उन्नति म्हणूं लागलों, तर सावकार बरा म्हणावयाची पाळी येईल. सावकार निदान आमच्या घरांतला तरी नव्हता!

तेव्हां गट झाला म्हणजे काम झालें, असें समजूं नका. गट हें एक हत्यार आहे. विळ्यानें ज्वारी कापतां येते आणि बोटही कापतें. कोणी धरला व कसा धरला, यावर सर्व आहे. म्हणून कांहीं गोष्टी पदरीं बांधून घ्या, एवढी विनंति आहे.

पहिली गोष्ट, वही. ती मोठ्यानें वाचा. ज्या गटांत एकही लिहिती बाई नाहीं, त्यानें दुकानदाराचा पोरगा न शोधतां आपल्यांतील एकीस शिकवावें. चाळिसाव्या वर्षीं अक्षर ओळखणें लाजेचें नाहीं. अंगठा उठवून शेळी विकणें लाजेचें आहे.

दुसरी गोष्ट, कर्ज कशासाठीं. शेळी, शिवणयंत्र, बियाणें, दुखणें, शाळेची फी, यांसाठीं घ्या. मांडव, वाजंत्री व जेवणावळी यांसाठीं घेऊं नका. १८७३ च्या डिसेंबरांत सत्यशोधक पद्धतीनें पहिलें लग्न लागलें; त्यांत भटजी नव्हता आणि अवाढव्य खर्चही नव्हता. भटजी टाळणें पुष्कळांनीं उचललें, खर्च टाळणें कोणींच उचललें नाहीं. गाडगेबाबा वऱ्हाडांतील गांवोगांव फिरून कर्ज काढून सण करूं नका म्हणून सांगत. त्यांच्या पुण्यतिथीस आम्ही हारतुरे घालतों, आणि मुलीच्या लग्नांत वावर गहाण टाकतों!

तिसरी गोष्ट, माल कच्चा विकूं नका. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें लहान डाळगिरणी तयार केली आहे. ती एका खोलींत बसते व एक गट ती चालवूं शकतो. शंभर किलो तुरीची साधारण सत्तर किलो डाळ होते, चुनी जनावरांस मिळते, आणि डाळीचा भाव ठरवितांना तुमच्याही तोंडांत शब्द येतो. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या बाजूस जाळीच्या घरांत भाजीपाल्याचें बीजोत्पादन होतें. परागीकरणाचें तें नाजूक काम आमच्या मायबहिणींच्याच बोटांनीं होतें. त्या बोटांस मजुरीच्या पलीकडे कांहीं मिळावें असें वाटत असेल, तर कंपनीशीं करार करतेवेळीं एकेकटीनें न जातां गटानें जावें, आणि तो कागद वाचल्यावांचून सही करूं नये.

चवथी गोष्ट, ज्यास जमीन नाहीं त्यास विसरूं नका. २०१८ सालीं या जिल्ह्यांत तळीं व धरणें यांतील गाळ काढण्याचें मोठें काम झालें. पाणी सांचलें, गाळ शेतांत गेला, माती सुधारली. काम खरोखर चांगलें. पण आम्ही विचारतों, गाळ ज्याच्या शेतांत पडला त्यास शेत होतें. ज्यास शेतच नाहीं त्याच्या अंगणांत काय पडलें? महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा करून काम मागणें हा गरिबाचा हक्क ठरविला, आणि साऱ्या देशानें तो धडा पुढें गिरविला. तो हक्क मागावा लागतो. मागितल्यावांचून कोणी देत नाहीं. आमच्या गटांनीं बचतीबरोबर हें मागणेंही आपल्या वहींत लिहावें.

पांचवी गोष्ट आम्ही भीतभीत सांगतों, कारण ती आम्हांस लागते. पुष्कळ गांवीं आम्हीं पाहिलें कीं, एका आळीचा एक गट, दुसऱ्या आळीचा दुसरा. मराठ्या-कुणब्यांच्या बायका एकीकडे, माळणी एकीकडे, बौद्ध व मातंग बायका गांवाच्या कडेस आपल्या आपण. आणि जळगाव जामोद-संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याचीं भिल्ल, कोरकू कुटुंबें तर दिवाळीनंतर कामासाठीं गांव सोडून जातात, त्यांस बैठक कोणती व हप्ता कोणता? जो समाज पाण्याच्या हौदापाशीं शिवाशीव पाळीत नाहीं असें म्हणतो, तो पैशाच्या पेटीपाशीं पाळूं लागला, तर जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद खुला केला तो व्यर्थच म्हणावयाचा. वर्गणी शंभर झेपत नसेल तर ती पन्नास करा. जे गांवाबाहेर जातात त्यांचा हप्ता परत आल्यावर घ्या. पण दार बंद करूं नका.

शेवटची गोष्ट, कायदा. २०१४ च्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे, आणि सावकारीच्या व्यवहारांत बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून पंधरा वर्षांच्या आंतील व्यवहाराबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं नियम केले कीं, लहान कर्जें देणाऱ्यांनीं कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक रकमेचे हप्ते त्याच्या डोक्यावर चढवूं नयेत. सकाळीं नऊच्या आधीं व सायंकाळीं सहानंतर वसुलीसाठीं छळूं नये. आणि हिंदु वारसा कायदा ज्यांस लागू आहे त्यांच्या वडिलोपार्जित इस्टेटींत मुलीस मुलाइतकाच हक्क आहे, हें २००५ च्या कायद्यानें साऱ्या देशांत ठरलें आहे. रात्रीं आठ वाजतां कोणी दारांत येऊन हप्त्यासाठीं अपशब्द बोलला, तर एकटीनें रडत बसूं नका. बाराही जणींनीं बाहेर येऊन उभें राहावें. गटाचें खरें भांडवल तें.

आमचे कांहीं शहरवासी मित्र म्हणतात, “शंभर शंभर रुपयांनीं कोठें दारिद्र्य जातें? कापसाचा भाव, पावसाचा लहरीपणा, सरकारचें धोरण, हीं मोठीं कारणें आहेत.” त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. गटानें पाऊस पडत नाहीं आणि भाव वाढत नाहीं. २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, तरी त्यानंतरही आत्महत्या थांबल्या नाहींत. मग आमच्या पेटीची काय कथा? परंतु आम्ही त्यांस इतकेंच सांगतों. ज्या घरांत दुखण्याच्या रात्रीं दोन हजार रुपये शेजारणीच्या पेटींतून निघतात, त्या घराचें वावर त्या रात्रीं गहाण पडत नाहीं. आणि ज्या बाईनें पैशाची वही वाचली, ती उद्यां ग्रामपंचायतीचीही वही मागते, परवां सोसायटीची मागते, आणि तेरव्या दिवशीं जिल्हा बँकेचीही मागेल. मोठ्या कारणांशीं लढावयास माणसें लागतात, आणि तीं माणसें या ओट्यावरच्या बैठकींत घडतात. सरकारी मदत येते व जाते. वाचावयास शिकलेली बाई परत अडाणी होत नाहीं.

१८७५ च्या शेतकऱ्यांनीं वह्या जाळल्या. आम्ही तुम्हांस जाळावयास सांगत नाहीं; लिहावयास सांगतों. ताराबाईंच्या जिल्ह्यांत, पंढरीनाथ पाटलांच्या तालुक्यांत, हें सांगावें लागतें याची आम्हांस लाज वाटते. पण सांगितल्यावर तुम्ही ऐकाल असाही भरंवसा वाटतो. पुढच्या पंधरवड्याची बैठक भरेल तेव्हां वही उघडा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानें वाचा. इतकें झालें तरी आमचें येणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.